रानातली वही आणि कचेरीतला संगणक

समजा, उन्हाळ्यात एका गावातील विहिरींची पाहणी करायला दोन तुकड्या निघाल्या. एक ओढ्याच्या अलीकडे, दुसरी पलीकडे. संध्याकाळी पाहतात तो काय, दोन्ही वह्यांत ‘विहीर क्रमांक १२’! एकीत पाणी ६ मीटर खोल, दुसरीत ११ मीटर. कचेरीत कोणी ११ मीटरची नोंद चूक समजून खोडली, तर त्या विहिरीवरच्या वस्तीला टँकर मिळायचा नाही.

रानात मोजायचे आणि कचेरीत गणित मांडायचे, ही वाटणी जुनीच. विल्यम लॅम्ब्टन यांनी १८०२ साली मद्रास येथे पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला आरंभ केला, तेव्हाही हीच रीत होती. आज वहीच्या जागी मोबाइल आला आहे. मग दोहोंना जोडणारी आज्ञावली कशी आखावी?

‘क्यूजीआयएस’ ही नकाशांची मोफत आज्ञावली पाहू. गॅरी शेरमन यांनी २००२ साली तिची सुरुवात केली. तिची रचना मिसळणाच्या डब्यासारखी आहे. नकाशा काढणे, नोंदी वाचणे ही नेहमीची कामे डब्याची. खास कामांसाठी ‘प्लगइन’ नावाच्या वाट्या हव्या तेव्हा बसवायच्या. भूगर्भतज्ज्ञाला एक वाटी लागते, वनाधिकाऱ्याला दुसरी. एखादी वाटी बिघडली, तर तेवढीच काढायची. डबा बदलावा लागत नाही.

तिच्या जोडीला ‘क्यूफील्ड’ ही मोबाइलवरची आज्ञावली आहे. नकाशाची प्रत मोबाइलमध्ये घेऊन रानात जायचे. तेथे नेटवर्क नसले तरी काम अडत नाही. नेटवर्क मिळताच नोंदी ‘क्लाउड’कडे पाठवायच्या. हा ढग आकाशात नसतो बरे का! दूरच्या इमारतीतील, सदैव चालू असणारे ते संगणकच. सगळा नकाशा परत पाठवायचा नसतो. जेवढे बदलले, तेवढेच जाते.

आता आपल्या विहिरींकडे वळू. क्रमांक माणसाने दिला, म्हणून घोटाळा झाला. त्याऐवजी यंत्राने प्रत्येक नोंदीला १२८ बिटांची खूण द्यावी. यातील १२२ बिट यदृच्छेने निवडले, तर ५ वर ३६ शून्ये मांडून होते, त्याहूनही अधिक खुणा मिळतात. दोन तुकड्यांनी एकमेकींना न विचारता खुणा दिल्या, तरी त्या जुळण्याची भीती जवळजवळ नाहीच.

शिवाय प्रत्येक नोंदीत अक्षांश-रेखांश असतात. अक्षांशाचा १ अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. दोन विहिरींच्या अक्षांशांत ०.०१ अंशाचा फरक असेल, तर त्या निदान १.१ किलोमीटर दूर आहेत. मोबाइलची चूक मोकळ्या आकाशाखाली सहसा काही मीटरचीच असते. तेव्हा विहिरी दोनच!

पण एकाच विहिरीची दोन मापे आली तर? कदाचित एक सकाळचे असेल, दुसरे पंप चालल्यानंतरचे. शेवटी आलेली नोंद खरी मानणे सोपे. पण त्यात पहिली पुसली जाते. म्हणून दोन्ही नोंदी वेळेसह जपाव्यात आणि निर्णय विहीर पाहिलेल्या माणसावर सोपवावा.

करून पाहा: शाळेच्या आवारातील झाडे दोन गटांनी, एकमेकांशी न बोलता, मोजा आणि नोंदवा. मग दोन्ही याद्या एकत्र करा. एकही झाड दोनदा न येता आणि एकही न गळता यादी तयार होण्यासाठी आधी काय ठरवायला हवे होते, ते तुमचे तुम्हांलाच उमगेल.