गृध्रसी : कटिबस्तीपूर्वी काय पाहावे ?

कटीतून निघून टाचेपर्यंत उतरणारी कळ घेऊन येणारा रुग्ण आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. हातात एमआरआयचे पाकीट असते आणि ‘नस दबली आहे, ऑपरेशन टाळायचे आहे’ हे वाक्य ठरलेले असते. आम्हीही पूर्वी ते पाकीट पाहूनच कटिबस्तीचा निर्णय घेत असू. एका रुग्णाने आमची ही सवय मोडली.

ऊसतोडणी करणारे ते चाळिशीचे गृहस्थ होते. वातज गृध्रसी असे निदान करून आम्ही कटिबस्ती, एरंडस्नेह व त्रयोदशांग गुग्गुळ सुरू केला. चौथ्या दिवशी त्यांच्या पत्नीने बोलता बोलता सांगितले, की कालपासून यांना लघवी साफ होत नाही, बसायची जागाही बधिर लागते. आम्ही यास अपानाचा अवरोध समजलो आणि ‘उद्या पाहू’ म्हणालो. दुसऱ्या दिवशी मूत्राशय नाभीपर्यंत तुंबलेले आढळले. त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली. कळ गेली, पायात बळ आले. मूत्रावरील ताबा मात्र पूर्णपणे परतला नाही. तो एक दिवस आमच्या खाती जमा आहे.

मेरुरज्जू पहिल्या-दुसऱ्या कटिमणक्यापाशी संपतो. त्याखाली नाड्यांचा झुबका असतो, त्यास ‘कॉडा इक्वायना’ म्हणतात. चकतीचा मोठा भाग मागे सरकून हा झुबका चेपला गेला, तर मूत्रावरोध, गुदभागी बधिरता व दोन्ही पायांत दुर्बलता येऊ शकते. येथे तेल, काढा, बस्ती यांपैकी कशाचीही वाट पाहू नये. लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत दाब मोकळा झाल्यास लाभाची शक्यता अधिक असते. रात्री वाढणारी पृष्ठवेदना, सायंकाळचा ज्वर व घटणारे वजन ही त्रयी दिसल्यास मणक्याच्या क्षयाची शंका घ्यावी व स्वेदन थांबवावे.

चित्रापेक्षा रुग्ण महत्त्वाचा. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाठदुखी मुळीच नसलेल्या ९८ व्यक्तींचे एमआरआय काढले असता ५२ टक्के जणांत किमान एक चकती फुगलेली आढळली होती. म्हणून अहवालातील ‘बल्ज’ या शब्दाने रुग्णास घाबरवू नये. सुश्रुताचार्यांनी सांगितलेला सक्थिक्षेपाचा निग्रह आजही पाय सरळ उचलून पाहता येतो. ३० ते ७० अंशांत गुडघ्याखाली कळ उतरली तर नाडीमूळ ताणले जात आहे असे समजावे. पायाचा अंगठा वर उचलता येतो का, चवड्यांवर चालता येते का, हे पाहण्यास दोन मिनिटे पुरतात. बळ दिवसेंदिवस घटत असेल तर शल्यतज्ज्ञाचे मत त्वरित घ्यावे.

उरलेले बहुसंख्य रुग्ण आपलेच. त्यांतील बरेच जण सहा ते बारा आठवड्यांत सुधारतात; आपल्या यशात निसर्गाचाही वाटा असतो, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. चरकाचार्यांनी गृध्रसीत सिराव्यध, बस्ती व अग्निकर्म सांगितले आहे. कटिबस्ती या नावाचा उपक्रम बृहत्त्रयीत नाही, तरी आज प्रत्येक फलकावर तोच पहिला ! वातज अवस्थेत तिचा उपयोग होतो हा आमचाही अनुभव आहे. परंतु गौरव, तंद्रा, अरोचक असलेल्या वातकफज रुग्णास आरंभीच तेलात बुडवू नये. वालुकास्वेद व दीपन-पाचन आधी, स्नेहन नंतर.

औषधालयाच्या मालकबंधूंनाही एक विनंती. ‘मागच्याच गोळ्या द्या’ म्हणून विषतिंदुक वटी महिनोन्‌महिने नेली जाते. कुचला अनुसूची ई(१) मधील द्रव्य आहे आणि ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ ही वेष्टनावरील सूचना शोभेसाठी नसते. महायोगराज गुग्गुळात नागभस्मासह अनेक भस्मे असतात. तोही चिठ्ठीविना पुनःपुन्हा देऊ नये. पाय ओढत आलेल्या ग्राहकास पैसे घेण्यापूर्वी एवढेच विचारावे, ‘काका, लघवी नीट होते ना ?’ उत्तर ‘नाही’ आले तर गोळ्या परत फळीवर ठेवून त्यांना तत्काळ रुग्णालयात पाठवावे.