लॅपटॉपचा जबाब : आवाजांविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

गोंदिया, तिरोडा किंवा आमगावच्या परिसरात ज्याचे आयुष्य राइस मिलच्या सान्निध्यात गेले आहे, त्याला हे सांगावयास नको की, यंत्राची प्रकृती डोळ्यांच्या आधी कानांना कळते. धानाची भरडाई चालू असताना पट्टा सैल झाला, बेअरिंग कोरडे पडले किंवा चाळणीत खडा अडकला, तर मिलमधला जुना मिस्त्री पाठमोरा उभा असूनही स्वरातील तेवढा फरक हेरतो आणि कसलीही घाई न करता मिल थांबवून नेमक्या जागी हात घालतो. परंतु त्याच मिस्त्रीच्या घरात मुलीच्या लॅपटॉपमधून एखादा अनोळखी ध्वनी उमटला, की हा कमावलेला विवेक बाजूला राहतो. कोणी व्हायरसवर आळ घेतो, कोणी ‘फॉरमॅट मारा’ असा हुकूम सोडतो, तर कोणी यंत्राला दोन चापट्या मारून पाहतो.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या या आठ तालुक्यांच्या गोंदिया जिल्ह्यात सातबारा, धान खरेदीची नोंदणी, जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज असे बरेचसे दप्तर आता संगणकावर आले आहे. म्हणून लॅपटॉपच्या बाबतीत दिलेला चुकीचा निवाडा केवळ यंत्राला नव्हे, तर माणसांच्या कागदपत्रांना आणि मुलांच्या अभ्यासाला भोवतो. यास्तव रूढ समजुतींची एकेक करून तपासणी करणे अगत्याचे आहे.

गैरसमज : विचित्र आवाज आला, म्हणजे व्हायरस शिरला.

वस्तुस्थिती : तपासाचे पहिले पाऊल अगदी साधे आहे. लॅपटॉपचा आवाज म्यूट करावा. ध्वनी तत्काळ थांबला, तर तो स्पीकरमधून, म्हणजे बहुधा एखाद्या प्रोग्रॅमकडून येत होता. थांबला नाही, तर तो पंखा, डिस्क किंवा विद्युत्-मंडल यांपैकी कशाचा तरी आहे आणि फॉरमॅट करून तो जाणार नाही. स्पीकरमधून येणाऱ्या आवाजांचीही कारणे बहुधा निरुपद्रवी असतात. मागे उघडी राहिलेली एखादी वेबसाइट जाहिरात वाजवीत असते, आणि ब्राउझरच्या त्या टॅबवर स्पीकरचे लहानसे चिन्ह दिसते. विंडोजमधील व्हॉल्यूम मिक्सर कोणता प्रोग्रॅम आवाज करीत आहे, हे नावानिशी दाखवितो. काही जोडल्या-काढल्याची खूण करणारा स्वर वारंवार ऐकू येत असेल, तर माउसची अथवा पेन ड्राइव्हची सैल जोडणी हेच त्याचे नित्याचे कारण होय.

गैरसमज : बारीक शिटीसारखा स्वर म्हणजे आत काहीतरी जळत आहे.

वस्तुस्थिती : रस्त्याकडेच्या डीपीखालून जाताना जो अखंड घुमणारा नाद ऐकू येतो, त्याचे आणि या शिटीचे कूळ एकच आहे. चुंबकीय क्षेत्रात लोखंडाची लांबी किंचित बदलते, हे इंग्रज शास्त्रज्ञ जेम्स जूल याने १८४२ मध्ये दाखवून दिले. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तने करते, प्रत्येक आवर्तनात ट्रान्सफॉर्मरचा गाभा दोनदा चुंबकित होतो, आणि म्हणून तो सेकंदाला १०० वेळा कंप पावतो. लॅपटॉपमध्ये, कारागीर ज्यांना कॉइल म्हणतात त्या तारेच्या गुंडाळ्या अशाच थरथरतात. त्यांच्याशेजारील सिरॅमिक कपॅसिटरही विद्युत्-दाबाच्या चढउताराबरोबर सूक्ष्म आकुंचन-प्रसरण पावतात. वीज आणि यांत्रिक दाब यांचे हे नाते फ्रान्सच्या क्युरी बंधूंनी १८८० पासूनच्या आपल्या प्रयोगांत उलगडले होते.

लॅपटॉपच्या या विद्युत्-मंडलातील वीज सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होत असते, आणि मानवी कानाची मर्यादा सुमारे २०,००० कंपनांची असल्याने एरवी ते ऐकू येत नाही. मात्र कामाचा भार झपाट्याने कमी-अधिक होऊ लागला, की त्या चढउताराचा ताल श्राव्य कक्षेत उतरतो. म्हणूनच खेळ सुरू केला किंवा लांबलचक पान भराभर सरकविले, की शिटीचा स्वर बदलतो. उच्च स्वर ऐकण्याची शक्ती वयाबरोबर क्षीण होत असल्यामुळे नातीला ऐकू येणारी शिटी आजोबांना ऐकू येत नाही. तेव्हा मुलीला भास होतो, असे म्हणून तिची तक्रार फेटाळणे न्यायाचे नव्हे. ही शिटी कानाला त्रासदायक असली, तरी सहसा बिघाडाची खूण नसते. परंतु चार्जरमधून तडतड आवाज येत असेल किंवा जळका वास येत असेल, तर मात्र भिंतीवरचे बटण बंद करून तो चार्जर वापरातून काढून टाकावा.

गैरसमज : पंखा घोंघावू लागला, म्हणजे यंत्र म्हातारे झाले.

वस्तुस्थिती : पंखा घोंघावतो तो उष्णतेमुळे, आणि उष्णतेची व धुळीची या जिल्ह्यात वाण नाही. बहुतेक उत्पादक लॅपटॉपच्या वापरासाठी सुमारे ३५ अंश सेल्सिअसपर्यंतचे भोवतालचे तापमान गृहीत धरतात; नवतप्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा पत्र्याच्या छपराखाली बसलेल्या यंत्राचा पंखा पूर्ण वेगाने न फिरता, तरच आश्चर्य. त्यातच मिलच्या आसपासच्या वस्तीत धानाच्या तुसाची आणि कोंड्याची बारीक धूळ हवेबरोबर आत ओढली जाऊन उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांमध्ये नमद्यासारखी दाटते.

उपाय असा की, लॅपटॉप गादीवर किंवा मांडीवरील गोधडीवर न ठेवता सपाट लाकडी पाटावर ठेवावा, आणि पंखा वेळोवेळी जाणत्या माणसाकडून साफ करून घ्यावा. दुकानातल्या ब्लोअरचा झोत पंख्यावर मोकळा सोडू नये; पाती अवाच्या सवा वेगाने फिरून बेअरिंग निकामी होण्याचा संभव असतो, म्हणून पाती काडीने अडवून धरून मगच हवा मारावी. घोंघावण्याऐवजी खरखर किंवा घासल्याचा आवाज येत असेल, तर बेअरिंग झिजले असे समजावे. शिलाई मशीनचे तेल सोडून चार दिवस निभावतील, पण त्याच तेलाला पुन्हा धूळ चिकटेल, तेव्हा पंखा बदलणे हीच खरी दुरुस्ती.

गैरसमज : हार्ड डिस्क टकटक करू लागली, तर फॉरमॅट करावी किंवा फ्रीजरमध्ये ठेवावी.

वस्तुस्थिती : यासारखा घातक सल्ला दुसरा नाही. जुन्या पद्धतीच्या डिस्कमध्ये मिनिटाला ५,४०० फेऱ्यांनी, म्हणजे सेकंदाला ९० वेळा फिरणारी चकती असते, आणि तिच्यावरून केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी लहान अंतर राखून वाचकशीर्ष तरंगत असते. काम थांबल्यावर ते शीर्ष आपल्या जागी जाऊन विसावताना एखादा ‘टक्’ उमटणे स्वाभाविक आहे. परंतु तोच ठोका एकसारखा ऐकू येऊ लागला, तर शीर्षाला आपली वाट सापडत नाही आणि ते पुनःपुन्हा माघारी येत आहे, असा त्याचा अर्थ होतो. अशा वेळी डिस्क चालू असेल तर सर्वप्रथम महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात. ती वाचताच येत नसेल तर यंत्र बंद करून विशेषज्ञाकडे न्यावे. फ्रीजरमधून काढलेल्या डिस्कवर दमट हवेतील बाष्प जमते, आणि चापट मारल्याने शीर्ष चकतीवर घासू शकते. ज्यांच्या लॅपटॉपमध्ये एसएसडी आहे, त्यांनी टकटकीचा उगम अन्यत्र शोधावा, कारण एसएसडीत हलणारा भाग मुळी नसतोच.

गैरसमज : स्पीकर गुणगुणतो किंवा टरटरतो, म्हणजे तो फाटला.

वस्तुस्थिती : शेजारी मोबाइल ठेवला आहे काय, हे आधी पाहावे. टूजी जाळ्यावरील फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा लहरींचे ठोके सोडतो, आणि स्पीकरच्या तारा ते पकडतात. जंगलाकाठच्या गावात रेंज क्षीण असते तेथे फोन अधिक जोर लावतो, म्हणून टरटरही वाढते. बाहेरचे स्पीकर जोडल्यावर एकसुरी गुणगुण येत असेल, तर चार्जर काढून केवळ बॅटरीवर यंत्र चालवून पाहावे. गुणगुण थांबली, तर दोष स्पीकरचा नसून बहुधा अर्थिंगच्या जोडणीचा आहे. तीन पायांच्या प्लगचा जाड पाय कापून तो दोन भोकांच्या बोर्डात बसविण्याची खोड यासाठीही सोडली पाहिजे, कारण तो पाय जिवाच्या रक्षणासाठी असतो.

गैरसमज : मोठा आवाज म्हणजे मोठा बिघाड, बारीक आवाज म्हणजे क्षुल्लक बाब.

वस्तुस्थिती : अनुभव बहुधा याच्या उलट आहे. गर्जना करणारा पंखा साफसफाईने शांत होतो. पण झाकण मिटताना होणारी हलकी करकर, वर उचलला गेलेला टचपॅड आणि टेबलावर डुगडुगणारा लॅपटॉप ही फुगलेल्या बॅटरीची लक्षणे असू शकतात. तसे आढळल्यास चार्जर काढावा, यंत्र बंद करावे, बॅटरी दाबू अथवा टोचू नये, आणि ती जाणत्या कारागिराकडूनच काढून घ्यावी.

दुकानात नेल्यावर आवाज नेमका गप्प बसतो, म्हणून तो घरीच मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवावा, आणि सोबत चार नोंदी लिहून न्याव्यात : आवाज यंत्राच्या कोणत्या बाजूने येतो, कोणते काम चालू असताना येतो, चार्जर काढल्यावर राहतो की जातो, आणि म्यूट केल्यावर थांबतो की नाही. एवढी कैफियत हाती असली, की दुरुस्ती करणाऱ्याला अंदाजाने यंत्र खोलावे लागत नाही आणि आपल्यालाही नको तो खर्च सोसावा लागत नाही. मिलचा मिस्त्री तरी याहून वेगळे काय करतो? बेअरिंगचा आवाज आणि पट्ट्याचा आवाज त्याने वर्षानुवर्षे वेगवेगळे ऐकून ठेवलेले असतात. आपल्या मुलीच्या लॅपटॉपजवळ त्याने तोच कान घेऊन बसावे, आणि ऐकण्याची ती रीत तिलाही शिकवावी.