अतिवृष्टीची मदत खात्यात येते कशी?



सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात पावसाने पिकं झोपवली, त्यानंतर वर्गात एकच विषय होता. "सर, आमचे पैसे कधी येणार?" मग सातवीला क्षेत्रफळ शिकवताना मी हेच उदाहरण घेतलं.

आधी एक फरक समजावून सांगावा लागला. ही मदत असते, पूर्ण नुकसानभरपाई नव्हे. पीकविमाही वेगळा, त्यासाठी अर्ज करून हप्ता भरावा लागतो. मदतीसाठी हप्ता नसतो, पण पंचनामा लागतो. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात तलाठीच!), कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून तो करतात. पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तरच नाव पुढे जातं.

आपत्ती प्रतिसाद निधीचा दर २०२५ मध्ये हेक्टरी असा होता: कोरडवाहूला ८,५००, बागायतीला १७,००० आणि फळबागेसारख्या बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये. मर्यादा दोन हेक्टरची. २०२५ मध्ये राज्याने ती तीन हेक्टर केली आणि रब्बीच्या बियाण्यासाठी वगैरे हेक्टरी १०,००० रुपये वेगळे जाहीर केले.

मुलं एकरात बोलतात, सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो. दीड एकर म्हणजे साधारण ६० आर, म्हणजे ०.६० हेक्टर. ०.६० × ८,५०० = ५,१०० रुपये. गुंठ्याला किती पडले? ८५. एक मुलगा पटकन म्हणाला, "एवढ्यात तर फवारणीचं औषधपण येत नाही!" बियाणं, खत, फवारणी, मजुरी असा सगळा खर्च घरी विचारून आणायला सांगितला. दुसऱ्या दिवशी वह्यांमधल्या बेरजा मदतीच्या बऱ्याच पुढे होत्या.

पैसे मंजूर झाले तरी अडकतात, ते कागदात. तहसीलकडून याद्या पोर्टलवर चढतात, प्रत्येकाला विशिष्ट क्रमांक मिळतो. तो घेऊन आपले सरकार केंद्रात अंगठा द्यायचा, म्हणजे ई-केवायसी. (२०२५ मध्ये शेतकरी ओळख क्रमांक असलेल्यांना यातून सूट मिळाली.) पैसे आधार जोडलेल्या खात्यात जातात. खातं बंद पडलेलं असेल किंवा आधारवरचं आणि सातबाऱ्यावरचं नाव जुळत नसेल, तर रक्कम तिथेच थांबते. सामायिक गटात बाकीच्या भावांचं संमतीपत्र लागतं. आणि बटाईने शेत करणाऱ्याचं काय? सातबारा मालकाच्या नावावर, म्हणून पैसे मालकाला. घाम गाळणाऱ्याला मालक देईल तेवढंच. मला हे पटत नाही, पण मुलांपासून लपवून काय उपयोग?

माझ्या वर्गातल्या एका मुलीने यादी वाचली तेव्हा तिला आजोबांचं नाव सापडलं. आजोबांना जाऊन तीन वर्षं झाली. अंगठा कोण देणार? वारस नोंदच झाली नव्हती, कुणाला तशी गरजही वाटली नव्हती. मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावं जोडून अर्ज कसा लिहायचा, ते त्या दिवशी मराठीच्या तासाला घेतलं. तिने घरी बसून वडिलांकडून अर्ज लिहून घेतला. फेरफाराची नोटीस आता चावडीवर लागली आहे, हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत आहे.