रेंज नसलेल्या पोडावरची डिजिटल शाळा

यवतमाळ जिल्ह्यात डिजिटल शाळेचा विषय निघाला की पहिला आक्षेप ठरलेला असतो: इथं रेंजच नाही, तर कसली डिजिटल शाळा? झरी जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजीकडच्या कोलाम पोडांवर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्त्यांवर, रेंजचे हाल आहेतच. पण नेट नाही म्हणून डिजिटल शिक्षण नाही, हा गैरसमज आहे. 2017 साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ अ‍ॅपवरचे पाठ एकदा मोबाइलमध्ये उतरवून घेतले की ते पाहायला नेट लागत नाही. बालभारतीच्या पुस्तकात छापलेला क्यूआर कोड याच पाठांकडे नेतो. गुरुजींनी तालुक्याच्या गावी, रेंजमध्ये असताना तो कोड स्कॅन करून आठवड्याचे पाठ उतरवले, तर सोमवारी पोडावरच्या वर्गात ते बिनघोर दाखवता येतात. एका मोबाइलमधून दुसऱ्यातही ते नेटशिवाय देता येतात.

दुसरा समज खर्चाचा. डिजिटल शाळा म्हणजे भिंतभर स्मार्टबोर्ड आणि रांगेनं टॅब्लेट, असं चित्र गावोगावी डोक्यात बसलं आहे. पण सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे जिल्हा परिषद शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 2020 साली ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं. त्यांच्या कामातली सर्वांत गाजलेली गोष्ट म्हणजे पाठ्यपुस्तकावर चिकटवलेला क्यूआर कोड. छापील कागदाचा एवढासा चौकोन, आणि त्यामागे कवितेचं ध्वनिमुद्रण, धड्याचा व्हिडिओ. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतच असे कोड आले.

मात्र तो कोड उघडायला मोबाइल लागतो, आणि ‘हल्ली घरोघरी स्मार्टफोन आहे’ हे वाक्य इथं फसवं ठरतं. ग्रामीण भागातल्या ‘असर’ या देशव्यापी सर्वेक्षणात 2018 मध्ये शाळेत जाणाऱ्या सुमारे 36 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. 2021 मध्ये हे प्रमाण 67 टक्क्यांच्या वर गेलं. पण ज्या घरांत फोन होता, त्यांतल्या जवळपास एक चतुर्थांश मुलांना तो हाताळायलाच मिळत नव्हता. कापूस वेचणीच्या दिवसांत घरातला एकुलता फोन बापाच्या खिशातून वावरात जातो आणि दिवेलागणीला परत येतो, तेव्हा चार्जिंग संपलेलं असतं. अशा घरच्या मुलाला व्हॉट्सअ‍ॅपवर गृहपाठ पाठवणं म्हणजे त्याला वर्गातून वगळणंच. डिजिटल पाठ शाळेतच, सगळ्यांना एकत्र दाखवायला हवा.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज वेगळाच आहे: यंत्र हातात दिलं की मूल आपोआप शिकतं. पेरू देशानं ग्रामीण शाळांतल्या मुलांना लाखोंनी लॅपटॉप वाटले. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गणित आणि भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही. याउलट दिल्लीत शाळा सुटल्यानंतरच्या वर्गांमध्ये ‘माइंडस्पार्क’ हे सॉफ्टवेअर वापरलं गेलं. साडेचार महिन्यांत मुलं गणितात आणि हिंदीत लक्षणीय पुढे गेली. हा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. दिल्लीतला हा कार्यक्रम मूल कोणत्या इयत्तेत आहे हे न पाहता त्याला काय येतं ते तपासून तिथून गणित देत होता. सातवीतल्या मुलाला हातच्याची वजाबाकी अडत असेल तर त्याला वजाबाकीच मिळे. शिवाय रोजच्या दीड तासातला निम्मा वेळ लहान गटाला माणूस शिकवत होता. त्यामुळे ‘आता शिक्षक कमी लागतील’ असा अर्थ काढायला या अभ्यासात जागाच नाही.

यवतमाळात याच्याही पुढचा एक प्रश्न आहे, त्याची चर्चा फार कमी होते. पोडावरचं मूल घरी कोलामी बोलतं, बंजारा तांड्यावरचं गोरमाटी, काही गावांत गोंडी. कोलामी आणि गोंडी द्राविडी कुळातल्या. मराठीशी त्यांचं व्याकरण जुळत नाही. पहिलीत आलेल्या कोलाम मुलासमोर प्रमाण मराठीतला सुंदर व्हिडिओ लावला, तर ते चित्रं पाहील, हसेल, आणि शब्द तसेच निसटून जातील. व्हिडिओ मध्येच थांबवून तीच गोष्ट कोलामीत सांगणारं कुणी वर्गात हवं. पोडावरच्या आजीनं सांगितलेली गोष्ट गुरुजींनी साध्या मोबाइलवर रेकॉर्ड करून वर्गात ऐकवली, तर तीही डिजिटल साधनच आहे, आणि त्याला पैसाही लागत नाही.

राहिली वीज. एकदा टीव्ही बसला म्हणजे शाळा डिजिटल झाली, असं धरून फोटो काढले जातात. थकलेल्या बिलापोटी शाळांची जोडणी तोडल्याच्या बातम्या राज्यात वारंवार आल्या आहेत. किरकोळ खर्चासाठीच्या सादिल अनुदानाचे पैसे तुटपुंजे, तेही वेळेवर मिळत नाहीत. म्हणून लोकवर्गणीतून टीव्ही आणायचं ठरलं की त्याच ग्रामसभेत महिन्याचं बिल कोण भरणार, इन्व्हर्टरची बॅटरी कधी बदलणार आणि बिघाड झाला तर वणी किंवा पांढरकवड्याहून कारागीर कोण आणणार, हे नावानिशी लिहून घ्यायला हवं.