रायफल नेमबाजीतील काडतुसे : दोषनिदानाची पद्धती

१ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे यांनी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळविले. या प्रकारात दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असल्याने काडतुसातील सूक्ष्म फरकही निर्णायक ठरतो.

गोळ्या एकत्र, परंतु केंद्रापासून दूर लागल्यास दोष सामान्यतः दृष्टियोजनेच्या जुळणीत असतो. विखुरल्यास नेमबाज, रायफल व काडतूस या तिन्हींची परीक्षा आवश्यक ठरते. या प्रकारातील ०.२२ रिमफायर काडतुसाच्या कडेतच स्फोटक मिश्रण असल्याने ते हाताने पुन्हा भरणे व्यवहार्य नसते. म्हणून विविध लॉट तपासून आपल्या नळीस अनुकूल लॉट निवडावा लागतो. हातभरणीच्या सेंटरफायर काडतुसात मात्र दारूचे वजन, गोळी बसविण्याची खोली, कवचाची मान व प्रायमरची बैठक यांतील असमानता तपासावी लागते. बार न उडाल्यास प्रायमरबरोबर फायरिंग पिनही पाहावी.

एका वेळी एकच घटक बदलावा आणि मोजक्या गोळ्यांवरून निष्कर्ष काढू नये. अन्यथा योगायोगालाच कारण समजले जाते. शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये भारतात परवान्याविना काडतूसनिर्मिती निषिद्ध आहे, हेही ध्यानात घेणे अगत्याचे आहे.