सांगलीचा आवाज आणि दोन सेकंदांचा तुकडा

फेब्रुवारी १९९८ मध्ये ब्रिटनमधील खपाच्या यादीत 'कॉर्नरशॉप' या गटाचे 'ब्रिमफुल ऑफ आशा' हे गाणे पहिल्या क्रमांकावर गेले. त्यातल्या आशा म्हणजे ८ सप्टेंबर १९३३ रोजी सांगलीत जन्मलेल्या आशा भोसले. त्यांच्या आवाजाचे आणि मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या लहान तबकडीचे ते कौतुक होते. गंमत अशी, की हेच गाणे १९९७ मध्ये प्रथम निघाले तेव्हा साठाव्या क्रमांकापर्यंतच पोचले होते. पुढे नॉर्मन कुक या ब्रिटिश संगीतकाराने त्याचा वेग वाढवला, ठेका दणकट केला आणि लोकांनी ते डोक्यावर घेतले.

आज हे गाणे कोणाच्याही फोनवर ऐकता येते. तरीही अशा नाचाच्या गाण्यांच्या मूळ तबकड्या शोधत फिरणारे, त्यांना चांगली किंमत देणारे लोक जगभर आहेत. गाणे हाताशी असताना तबकडी कशाला? हा केवळ हौसेचा भाग आहे का? उत्तर शोधण्यासाठी आधी तबकडीतच शिरू या.

तबकडीवरच्या खाचेत आवाज असतो तो नागमोडी वळणांच्या रूपात. सात इंची तबकडीच्या कडेजवळची खाच केंद्रापासून सुमारे साडेआठ सेंटीमीटरवर असते. मिनिटाला ४५ म्हणजे सेकंदाला पाऊण फेरा. परिघ काढून गुणाकार केला, की सुईखालून सेकंदाला सुमारे ४० सेंटीमीटर खाच सरकते असे दिसते. स्वराची वारंवारता सेकंदाला ४०० कंपने असेल, तर प्रत्येक कंपनाला बरोबर एक मिलिमीटर जागा मिळते. खर्जातल्या मोठ्या आवाजाला मात्र वळण रुंद लागते. म्हणून नाचाची गाणी बारा इंची तबकडीवर, एका बाजूला एकच गाणे अशी काढू लागले. खाचांना ऐसपैस जागा मिळाली आणि ढोलाचा दणका नीट उमटला.

आता वेग बदलून पाहू. ३३⅓ फेऱ्यांची तबकडी ४५ वर लावली, तर वेग १.३५ पट होतो. तीन मिनिटांचे गाणे २ मिनिटे १३ सेकंदांत संपते. पण एवढ्यावर भागत नाही. २४० वारंवारतेचा सा ३२४ वर जातो. शुद्ध मध्यम ३२० वर असतो. म्हणजे गायकाचा सा जवळजवळ मध्यमावर जाऊन बसतो! तबकडीवर वेग आणि स्वर असे एकमेकांना बांधलेले असतात. एकाला हलवले, की दुसरा हलतोच.

या बांधलेपणाचा उपयोग करून घेणारे यंत्र म्हणजे 'सॅम्पलर'. सॅम्पल म्हणजे नमुना. हे यंत्र आवाजाची उंची सेकंदाला हजारो वेळा मोजून आकड्यांत साठवते. सीडीसाठी ही मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा होते. १९८७ मध्ये आलेल्या 'एसपी-१२००' या यंत्रात ती सुमारे २६,००० वेळा होई आणि साठवणीची एकूण क्षमता होती फक्त १० सेकंदांची. मग संगीतकारांनी युक्ती काढली. ३३⅓ ची तबकडी ४५ वर वाजवून भरून घ्यायची आणि यंत्रात पुन्हा संथ करायची. दहा सेकंदांच्या जागेत साडेतेरा सेकंदांचे संगीत बसे. अर्थात फुकट काही मिळत नाही. मूळ गाण्याच्या प्रत्येक सेकंदाला मोजणी कमी मिळाल्याने आवाज थोडा खरबरीत होई. पुढे हा खरबरीतपणाच लोकांना आवडू लागला!

हे सारे 'हाउस' संगीताला फार सोयीचे ठरले. अमेरिकेतील शिकागो शहरातल्या 'वेअरहाउस' नावाच्या नृत्यगृहावरून या प्रकाराला हे नाव मिळाले. यात मिनिटाला साधारण १२० ते १३० सारखे ठोके असतात. १२० च्या लयीत चार ठोक्यांना दोन सेकंद लागतात. दोन सेकंदांचा एक तुकडा घेतला, त्याचे शेवटचे टोक सुरुवातीला जोडले, की झाले आवर्तन. आपल्या ठेक्यासारखेच ते फिरत राहते आणि दर वेळी समेवर येते.

१९८७ मध्ये 'मार्स' या गटाचे 'पम्प अप द व्हॉल्यूम' हे बहुतांशी अशा तुकड्यांतूनच विणलेले गाणे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचले. आपल्या गाण्यांचे तुकडेही पुढे असेच परदेशी नाचगाण्यांत गेले. ब्रिटनी स्पिअर्सच्या 'टॉक्सिक'मध्ये 'एक दूजे के लिए' (१९८१) या चित्रपटातल्या लता मंगेशकरांच्या गाण्याचा तुकडा आहे. 'ब्लॅक आइड पीज' या गटाच्या २००५ मधील एका गाण्यात 'अपराध' (१९७२) आणि 'डॉन' (१९७८) या चित्रपटांतली आशा भोसले यांची दोन गाणी डोकावतात.

आता संग्राहकांकडे वळू. येथे एक फरक ध्यानात घ्यायला हवा. 'जय जय महाराष्ट्र माझा' हे गीत राजा बढे यांचे, चाल श्रीनिवास खळे यांची. ते शाळेत मुले रोज म्हणू शकतात. पण सातारा जिल्ह्यातील पसरणीच्या शाहीर साबळे यांनी ते गायले, तो आवाज, त्या वेळचा वाद्यमेळ, तो श्वास हे सारे एका ध्वनिमुद्रणातच आहे. चाल पुन्हा वाजवता येते; ध्वनिमुद्रण पुन्हा घडवता येत नाही. सॅम्पलर तुकडा घेतो तो चालीचा नव्हे, ध्वनिमुद्रणाचा.

म्हणूनच तबकडी हा पुरावा ठरतो. तुकड्याला परवानगी मिळाली नाही, तर पुढच्या आवृत्तीतून तो गाळतात. 'पम्प अप द व्हॉल्यूम'च्या ब्रिटिश आणि अमेरिकी तबकड्यांत सगळे तुकडे सारखे नाहीत. नाव एकच, गाणी वेगळी! फोनवर त्यांपैकी कोणते ऐकू येईल, ते सांगता येत नाही. संग्राहक लेबलाजवळच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला क्रमांक वाचतो, तो यासाठीच. त्यावरून आपल्या हातात कोणती आवृत्ती आहे, हे त्याला ओळखता येते.

श्रेयाचा प्रश्नही येथेच येतो. 'थोडा रेशम लगता है' या लताबाईंच्या गाण्याचा तुकडा 'अ‍ॅडिक्टिव्ह' या २००२ मधील अमेरिकी गाण्यात वापरला गेला. संगीतकार बप्पी लाहिरी यांचे नाव मात्र दिले नव्हते. त्यांचे नाव छापल्याशिवाय विक्री करू नये, असा आदेश २००३ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने दिला. मूळ तबकडी आणि तिचे लेबल समोर असले, की 'हा आवाज कोणाचा' याचे उत्तर शोधणे सोपे जाते.

आपल्याकडे, साताऱ्यात किंवा सांगलीत, अशा तबकड्या माळ्यावर पडून असतात आणि घर आवरताना भंगारात जातात. शिक्षकांना येथे करण्याजोगे काम आहे. विद्यार्थ्यांना गाणे, गायक, लेबल आणि कोरलेला क्रमांक यांची वही करायला सांगावी. तबकड्या उभ्या ठेवाव्यात; आडव्या रचल्या, की वजनाने आणि उन्हाने वाकतात. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या लाखेच्या असतात. त्या स्पिरिटने कधीही पुसू नयेत. सुतार लाख स्पिरिटमध्येच विरघळवून पॉलिश बनवतो, हे आठवले म्हणजे कारण कळेल.

आणि तुकडा करून पाहायचाच असेल, तर मिरजेतच सामग्री आहे. उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, १९३७ मध्ये निवर्तले आणि तेथेच त्यांचे दफन झाले. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. तेव्हा त्यांच्या ७८ फेऱ्यांच्या मूळ मुद्रणांवर तो आता उरलेला नाही. संगणकावर त्यांतला दोन सेकंदांचा तुकडा घ्यावा, वेग १.३५ पट करावा आणि सा कोठे गेला ते पेटीवर तपासावे. वहीत मात्र तुकड्याखाली गायकाचे नाव आधी लिहावे.