पंचगंगेपासून नागार्जुनकोंड्यापर्यंत

कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती या चार नद्या आणि लोकश्रद्धेप्रमाणे गुप्तरूपाने वाहणारी सरस्वती, अशा पाच प्रवाहांच्या मीलनातून पंचगंगा निर्माण झाली आहे. चिखलीजवळच्या प्रयाग संगमापासून निघून ती कोल्हापूर नगरीच्या कडेने वाहते, इचलकरंजीवरून पुढे जाते आणि नरसोबाच्या वाडीस कृष्णेला मिळते. तिचा प्रवास येथे संपला असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः तिचे नाव तेवढे तेथे संपते. तिचे पाणी कृष्णेच्या पाण्याबरोबर कर्नाटक, तेलंगण व आंध्र प्रदेश ओलांडून बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते. या दीर्घ जलमार्गाच्या काठी दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका मोठ्या संस्कृतीच्या खुणा विखुरलेल्या आहेत. स्तूप, विहार आणि लेणी या त्या खुणा होत.

नदीकाठीच या वास्तू का उभ्या राहिल्या? प्राचीन काळी नदीचे खोरे हाच प्रवासाचा सोयीचा मार्ग असे. तेथे पाणी मिळे, जमीन सपाट असे, आणि उतार पाहून किंवा नावेतून पैलतीर गाठता येई. व्यापाऱ्यांचे तांडे याच वाटेने जात. बौद्ध भिक्षू वर्षातील आठ महिने गावोगाव फिरत आणि पावसाळ्यात एका ठिकाणी राहत. त्यांच्या निवासासाठी विहार बांधले गेले, तर पूज्य व्यक्तींचे अवशेष जपण्यासाठी स्तूप उभारले गेले. त्यांचा खर्च केवळ राजेच करीत नसत. व्यापारी, कारागीर आणि सामान्य स्त्री-पुरुष आपापल्या शक्तीप्रमाणे दान देत व त्याची नोंद दगडावर कोरवून ठेवीत.

अशी एक नोंद खुद्द कोल्हापुरातच मिळाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहराच्या मध्यभागी एका प्राचीन स्तूपाचे अवशेष आढळले. त्यांत एक दगडी पेटी होती आणि तिच्यात स्फटिकाचा करंडक होता. पेटीच्या झाकणावर ब्राह्मी लिपीत एक छोटा लेख होता. हे ब्रह्म नावाच्या माणसाचे दान असून धर्मगुप्ताने ते घडविले, असा त्याचा आशय आहे. ते दोघे कोण होते, हे इतिहासाला ठाऊक नाही. परंतु एका ओळीने त्यांची नावे दोन हजार वर्षे टिकवून ठेवली. तो स्तूप मात्र आज उभा नाही.

पंचगंगेच्या काठावरील ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये हसमुख सांकळिया व मोरेश्वर दीक्षित या संशोधकांनी उत्खनन केले. त्यात सातवाहनकाळातील विटांची घरे व नाणी उजेडात आली. याच टेकडीवर कांस्याच्या वस्तूंचा एक साठा मिळाला असून त्यात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची सुबक मूर्ती आहे. ती आज कोल्हापूरच्या टाउन हॉल वस्तुसंग्रहालयात पाहावयास मिळते. समुद्रापासून दूर असलेल्या या गावी समुद्रदेवता आली, ती पश्चिमेकडील देशांशी चालणाऱ्या व्यापारामुळेच होय. जोतिबाच्या डोंगराजवळ पोहाळे येथे बौद्ध लेणीही आहेत.

वाडीच्या संगमावर येणारी कृष्णा कऱ्हाडवरून आलेली असते. कऱ्हाडजवळच्या आगाशिवाच्या डोंगरात बौद्ध लेण्यांचा मोठा समूह आहे. कऱ्हाडचे प्राचीन नाव करहाटक. मध्य प्रदेशातील भारहूत येथील स्तूपाला करहाटक नगरातील लोकांनी दान दिल्याचा लेख तेथील दगडावर आहे. इतक्या दूरच्या स्थळाशी कृष्णाकाठच्या माणसांचा असा जिव्हाळा होता.

आज कोल्हापुरातून नाव सोडून थेट समुद्रापर्यंत जाता येणार नाही. पंचगंगेवर ठिकठिकाणी दगडी खांबांच्या खाचांत बरगे बसवून पाणी अडविले जाते. ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ म्हणून तो सर्वत्र ओळखला जातो. पुढे कृष्णेवर अलमट्टी, नारायणपूर, श्रीशैलम अशी मोठी धरणे आहेत. वाटेत रायचूरच्या उत्तरेस तिला भीमा मिळते. भीमेच्या काठी सन्नती गावातील एका मंदिरात १९८६ मध्ये मूर्तीखालच्या बैठकीचा दगड उजेडात आला, तेव्हा त्यावर सम्राट अशोकाचे आदेश कोरलेले आढळले.

नावेतून जाऊनच पाहावे असे स्थळ याच्याही पुढे आहे. ते म्हणजे नागार्जुनकोंडा. तेलुगू भाषेत ‘कोंडा’ म्हणजे डोंगर. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात येथील खोऱ्यात इक्ष्वाकू राजांची विजयपुरी ही राजधानी होती. येथील महाचैत्याचा पाया चाकासारखा होता. मध्ये तुंबा, बाहेर धाव आणि त्यांना जोडणाऱ्या आऱ्यांसारख्या भिंती, अशी त्याची रचना होती. भिंतींमधील जागा मातीने भरली जाई. त्यामुळे विटा कमी लागत आणि भार सर्वत्र सारखा विभागला जाई. येथील एका शिलालेखात सिंहलद्वीपाच्या आचार्यांनी ज्या देशांत धर्म पोहोचविला त्यांची नावे आहेत. काश्मीर, गांधार व चीन यांच्याबरोबर त्यात अपरांताचेही नाव येते. अपरांत म्हणजे आपले कोकण.

१९५५ मध्ये या खोऱ्याच्या तोंडाशी नागार्जुनसागर धरणाची पायाभरणी झाली. लक्षावधी एकर कोरड्या जमिनीला पाणी हवे होते. पण त्यासाठी ही प्राचीन नगरी बुडणार होती. खोऱ्यातील गावकऱ्यांनाही आपली घरे सोडावी लागली. पाणी चढण्यापूर्वी, १९५४ ते १९६० या काळात, पुरातत्त्वज्ञांनी सर्व खोरे खणून काढले. महत्त्वाच्या काही वास्तूंच्या विटा व दगड उचलून डोंगरमाथ्यावर नेले आणि त्या पूर्वीच्याच रचनेप्रमाणे पुन्हा उभारल्या. इजिप्तमधील अबू सिंबेलची मंदिरे नाईलच्या पाण्यापासून अशीच वाचविण्यात आली; परंतु ते काम १९६४ ते १९६८ या काळातले, म्हणजे यानंतरचे होय. आज तो डोंगरमाथा एक बेट झाला आहे. धरणाजवळच्या धक्क्यावरून लाँच निघते, तेव्हा प्रवाशांच्या पायांखाली अथांग पाणी असते आणि त्या पाण्याखाली विजयपुरीची भूमी असते.

याच नदीच्या खालच्या अंगाला अमरावती आहे. तेथील महास्तूपाचे भाग्य असे नव्हते. अठराव्या शतकाच्या अखेरीस लोकांनी बांधकामासाठी त्याचे दगड काढून नेले. काहींचा तर जाळून चुना केला. उरलेली शिल्पे चेन्नई व लंडन येथील संग्रहालयांत गेली. मूळ जागी आता मातीचा मोठा ढिगारा आणि थोडे शिलाखंड एवढेच शिल्लक आहे.

एकाच नदीच्या काठी या दोन गोष्टी घडल्या. पाण्याने जे बुडणार होते ते माणसांच्या दक्षतेमुळे वाचले, आणि ज्याला पाण्याचे भय नव्हते ते माणसांच्या अज्ञानामुळे नाहीसे झाले. शेत नांगरताना, विहीर खणताना किंवा घराचा पाया घालताना कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात आजही जुनी वीट, नाणे किंवा अक्षरे कोरलेला दगड हाती लागू शकतो. अशा वेळी ती वस्तू न हलवता, न फोडता शिक्षकांना किंवा सरकारी कार्यालयाला कळविणे, हे लहानथोर सर्वांचे कर्तव्य होय. ती मूळ जागी कशी पडली होती, हे कळले तरच तिचा अर्थ लागतो. एखाद्या धर्मगुप्ताचे नाव तिच्यावर आपली वाट पाहत असेल.